पावसाचं बोट

त्याने बोर्ड डोळ्यांसमोर धरला आणि त्यावर ‘हाऽऽ’ केलं. चष्मा पुसण्याआधी आपण करतो तसं, पोटातून, ओलसर. ओट्यावरच्या पिवळ्या मीटरवर ७.४० दिसत होतं. त्याचं ५.९० झालं, मग ३.१०. श्वास उडून गेला तसा आकडा सावकाश पुन्हा वर चढायला लागला.

“बघितलंत का बाई?” तो म्हणाला.

मी मावळात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. कवितेच्या दोन ओळी द्यायच्या आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण पाडून मुलांकडून रसग्रहण लिहून घ्यायचं, हे काम इतकं केलंय की त्या खणांचा आता वीट आलाय. एका ओळीपाशी थांबून राहायची खोड मात्र गेली नाही. तो ‘हाऽऽ’ ही अलीकडच्या काळात माझ्यासमोर आलेली सगळ्यात चांगली ओळ. पण ती कळायला आधीची कडवी माहीत हवीत.

घर लोणावळ्यात, वळवणला. यंत्र भांडी घासायचं, म्हणजे डिशवॉशर. २०२०च्या टाळेबंदीत मावशी येईनाशा झाल्या आणि लेकीने हट्टाने घ्यायला लावलं. पहिले सहा महिने मी त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघत होते, नंतर मोलकरणीसारखं, आणि आता ते नसलं की हात बांधल्यासारखे होतात. जोसेफाइन कोक्रेन नावाच्या अमेरिकन बाईने १८८६ साली याचं पेटंट घेतलं आणि १८९३च्या शिकागोच्या प्रदर्शनात यंत्र मांडलं. नोकरांच्या हातून तिच्या चिनी मातीच्या बश्यांचे टवके उडत, म्हणून तिने हा खटाटोप केला असं सांगतात. तिच्या यंत्राला दांडा होता. दांडा फिरवा, पाणी उडेल. पॅनेल नावाचं प्रकरण नव्हतं.

मधल्या पिढीतल्या यंत्रांना गोल खटका होता. जुन्या वॉशिंग मशीनला असायचा तोच, टिकटिक करत पुढे सरकणारा. त्याच्या पोटात एक छोटी मोटर एक ढोल अगदी सावकाश फिरवायची. ढोलावर उंचवटे, उंचवट्यांवर पत्र्याच्या जिभा. जीभ उचलली की पंप चालू, पडली की बंद. सगळा कार्यक्रम त्या ढोलावर कोरलेला. काय चाललंय ते कान लावून कळायचं. आजच्या पॅनेलला कान लावून काही कळत नाही. ते वाचावं लागतं.

आमच्या पॅनेलवर सात बटणं आणि दिव्यांची एक ओळ. चिन्हांची लिपी मात्र बघण्यासारखी आहे. दोन वाकडे बाण एकमेकांच्या पाठी लागलेत, ते मीठ संपल्याचं. चांदणी म्हणजे शेवटच्या पाण्यात पडणारं चकाकीचं औषध. पान म्हणजे वीज-पाणी वाचवा. आणि एक कढई! परदेशातून आलेल्या या लिपीत आपल्याकडे कढई शिरली, हे मला फार आवडतं. ७० अंशांचं पाणी, खरपुडी निघेपर्यंत मारा. लिपी कुणाचीही असो, शेवटी तिला आपल्या तळणीशी जमवून घ्यावं लागतं.

तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ही लिपी बरळायला लागली. यंत्र चालू केलं की कार्यक्रमाचा दिवा आपोआप एकेक घर पुढे सरके. कढई, पान, पेला, पुन्हा कढई. ‘सुरू’चं बटण दाबलं तर ढिम्म नाही. एकदा रात्री अडीचला सगळे दिवे लागून टुक् टुक् वाजायला लागलं आणि यजमान काठी घेऊन स्वयंपाकघरात आले. प्लग काढून दहा मिनिटं ठेवणं, मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून असतं ते कुलूप उघडणं, सगळं करून झालं. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, पॅनेल गेलं, पूर्ण बदलावं लागेल, पार्ट यायला तीन आठवडे. किंमत ऐकून यजमानांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

बोर्डवर ‘हाऽऽ’ करणारा तो दुरुस्तीवाला कामशेतचा. त्याचं नाव मला मासळीवाल्या ताईंनी सांगितलं. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी लोणावळ्याचा श्वास कोंडतो, म्हणून तो लोकलने आला. कामशेत, मळवली, लोणावळा. पाठीवर दप्तर, पायात प्लास्टिकच्या चपला. चाळिशीचा असेल. आमच्याच शाळेतला निघाला, पण माझ्या वर्गात नव्हता, शेजारच्या तुकडीत. बहुधा म्हणूनच हात शाबूत राहिले.

आता त्याच्या कामाची पहिली खुबी. पाऊण तास त्याने स्क्रू ड्रायव्हर दप्तरातून काढलाच नाही.

आधी विचारलं, “बाई, बिघडतं कधी ते नका सांगू. चालतं कधी?”

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी वही आणली. हो, वही होती. शिक्षिकेच्या घरात बिघाडाचीसुद्धा हजेरी लागते. वहीत बघितल्यावर माझंच मला दिसलं की तीन दिवस यंत्र नीट चाललं होतं आणि तिन्ही दिवस दुपारी ऊन पडलेलं होतं. सलग संततधारेचे दिवस ते सगळे कढई-पान-पेल्याचे. त्याने वही दोनदा वाचली. मग त्याच सॉकेटला मिक्सर लावून फिरवला. मीटरच्या सळया घालून व्होल्टेज बघितलं, २३८. दार लावून-उघडून कडीतला खटका कानाने ऐकला, कारण दार नीट मिटलंय हे त्या बारक्या स्विचने सांगितलं नाही तर यंत्र सुरूच होत नाही. सातही बटणं एकेक करून दाबली आणि दाबताना बोटाकडे नाही, दिव्यांकडे बघत राहिला. तिसरं बटण दाबल्यावर दिव्यांचं पळणं थांबलं. बोट काढलं, पुन्हा पळायला लागले.

“हेच,” तो म्हणाला. “ह्याच्यावर कुणीतरी बोट ठेवून बसलंय.”

इथे मला थांबायचंय. आम्ही सगळे समजत होतो की पॅनेल बहिरं झालंय, आपण सांगतो ते त्याला ऐकू येत नाही. त्याने सांगितलं ते उलटं. पॅनेलला जास्तच ऐकू येत होतं. आपलं बोट नसताना बोट जाणवत होतं. ‘सुरू’चं बटण बिचारं ठणठणीत, पण तिसऱ्यावर कुणाचं तरी बोट असताना चिप चौथ्याकडे लक्ष कशी देईल? वर्गात एकाच मुलाचा हात सतत वर असला की मास्तर बाकीच्यांकडे बघत नाहीत, तसं. चुकीचं वाचन आणि बरोबर वाचन यांच्यात शब्द तेच असतात, फक्त कर्ता बदलतो.

मग प्लग काढला आणि ओट्यावर, स्वतःच्या नजरेसमोर आणून ठेवला. चहा घेतला. चहा हे निमित्त. मोठ्या कपॅसिटरमधला साठा उतरायला वेळ द्यायचा होता. मी म्हटलं, “अरे, बटणांना पाचच व्होल्ट असतात ना?”

“पाचावर जाऊ नका बाई. ह्याच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो बऱ्याचदा. पाच आहेत खरे, पण मेनच्या खांद्यावर बसलेत. प्लग असताना हात लावला तर खांद्यासकट अंगावर येतील.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. वाचणाऱ्यांनीही घ्यावं, आणि हाताला सवय नसेल तर दाराचे स्क्रू सोडायच्या फंदात पडू नये.

दाराच्या आतल्या बाजूचे स्क्रू सहा, चांदणीसारख्या खाचेचे. खाली टॉवेल अंथरला. प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो. वरच्या पट्टीत बटणांचा लांबट बोर्ड, खाली दाराच्या पायाशी पाण्याचे आणि हीटरचे रिले असलेला मोठा. मोठ्याकडे त्याने नुसती नजर टाकली. फुगलेला कपॅसिटर नाही, करपल्याचा वास नाही, रिलेच्या पायांशी सोल्डरला तडा नाही. तीन नकार, तीन सेकंद. लगेच लांबट बोर्ड हातात.

तिसऱ्या बटणाच्या पायांशी पांढरट पापुद्रा होता, आणि त्याच्या कडेला तांब्याचं हिरवं. देव्हाऱ्यातल्या न घासलेल्या तांब्यावर येतं तेच. त्याने मीटर वीस हजार ओहमवर लावलं. हे पिवळं मीटर गरीब असतं. आकडा आवाक्याबाहेरचा असला की डावीकडे नुसता एकटा १ दाखवून गप्प बसतं. पहिल्या बटणाचे दोन पाय: एकटा १. दुसऱ्याचे: एकटा १. चौथं, पाचवं, सहावं, सातवं: १, १, १, १. आणि तिसऱ्यावर ७.४०. म्हणजे मधे काहीही जोडलेलं नसताना जवळपास साडेसात हजार ओहमची एक चोरवाट.

पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक चालली. तिथे पंडित हेच करत होते. पोथ्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि एकीत वेगळा पाठ दिसला की तो मूळचा की मागाहून शिरलेला ते ठरवायचं. इथे सात पोथ्या होत्या. सहा एका सुरात बोलत होत्या आणि सातवी पाठभेद सांगत होती. एवढ्यावर कुणीही म्हणालं असतं की स्विच खराब, बदला. तो तेवढ्यावर थांबला नाही. आणि इथे तो ‘हाऽऽ’ येतो.

का आवडला मला तो एवढा? पाऊस असला की बिघडतं, एवढं वहीने सांगितलं होतं. पण ते माझं म्हणणं, तेही बाईच्या अक्षरातलं. बोर्ड स्वतः काय म्हणतो ते विचारायचं राहिलं होतं. विचारायचं कसं? बोर्डाला फक्त ओलाव्याची भाषा येत होती, तर त्याने ओलाव्यातच विचारलं. फुफ्फुसभर लोणावळा त्या पापुद्र्यावर सोडला. आकडा कोसळला. श्वास वाळला, आकडा चढला. बाहेर दोन महिन्यांत घडणारी गोष्ट ओट्यावर दहा सेकंदांत घडवून दाखवली. हत्यार लागलं नाही, पैसा लागला नाही. अलंकार तर नाहीच.

आकड्यांतही एक गोडी आहे, ती त्याने समजावून दिली. बटणाशेजारी कणीएवढा काळा ठोकळा होता. भिंग धरल्यावर त्यावर १०३ छापलेलं दिसलं. एकशे तीन नव्हे. दहा, आणि पुढे तीन शून्यं. दहा हजार ओहम. या कणीतून पाच व्होल्ट चिपच्या पायाला टेकवून ठेवलेले असतात. बटण दाबलं की तो पाय थेट शून्याला भिडतो, चिपला कळतं की बोट आलं. सोडलं की पाच. मधलं काही नाही. पण साडेसात हजारांची चोरवाट असली तर पाचातले दोन-सव्वादोनच उरतात. हे धड पाच नाहीत, धड शून्य नाहीत. चिप सेकंदाला कितीतरी वेळा तोच प्रश्न विचारते आणि कधी ‘हो’ ऐकते, कधी ‘नाही’. म्हणून दिवा पळतो. ओल वाढून वाट तीन हजारांवर आली की सव्वाच्या आसपास उरतात, तेव्हा चिपची खात्रीच पटते की बोट आहे. मग सगळं ठप्प. रात्री अडीचचं टुक् टुक् म्हणजे यंत्राला भूत लागलं नव्हतं. ते फार आज्ञाधारक होतं, एवढंच.

मी जरा भारावून म्हटलं, “म्हणजे पावसाचंच बोट की रे!”

लोणावळ्याच्या माणसाला हे म्हणायचा मोह होतोच. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात, कपाटातल्या चपलांना बुरशीची लव येते, दारं फुगतात, काडेपेटी पेटत नाही. आणि याच पावसावर विजेचा धंदा उभा राहिला. ८ फेब्रुवारी १९११ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी इथे टाटांच्या धरणकामाचा पाया घातला. लोणावळा, वळवण, शिरवता इथलं पाणी घाटाखाली पाचशे मीटरहून खोल खोपोलीला सोडलं आणि १९१५पासून त्यावर मुंबईच्या गिरण्या फिरायला लागल्या. आमच्या गच्चीवरून वळवणचं पाणी दिसतं. ज्या पावसाने वीज दिली त्यानेच विजेच्या यंत्रावर बोट ठेवावं, असं एक छान वाक्य माझ्या डोक्यात तयारही झालं होतं.

त्याने मान हलवली. “पाऊस नुसता असता तर सगळीच बटणं गेली असती. सहा का राहिली? आणि पावसाला पांढरा थर नसतो. हा साबण आहे.”

माझं छान वाक्य तिथेच पडलं. पण शिक्षिकेला पुरावा लागतो. मी फडताळातून हळद काढली, चिमूटभर पाण्यात कालवून टिपकागदाच्या तुकड्यावर फासली. त्याने पापुद्र्यावर पाण्याचा थेंब सोडला, काडीने ढवळला आणि कागदाला टेकवला. पिवळ्यावर विटकरी लाल ठिपका उमटला. हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तेच. खार भेटला की हळद लाल होते. भांड्यांच्या यंत्राची पावडर चांगलीच खारी असते, त्यात सोडा असतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी दुरुस्तीत कामाला आले, ही नोंद माझ्याकडून.

आता साबण तिथे पोचला कसा? त्याने काही विचारलं नाही, नुसतं दाराच्या वरच्या कडेला बोट लावलं. कडेला फट, फटीखाली नेमकं तिसरं बटण. यजमानांचा चहाचा कप रोज उशिरा येतो. यंत्र लावून पाच मिनिटं झाली की ते कप घेऊन हजर, आणि मी चालत्या यंत्राचं दार मधेच उघडून कप आत सरकवते. फवारे थांबेपर्यंत साबणाचे चार थेंब दाराच्या कडेवर. रोज चार, चार वर्षं. साबण दारातून गेला, ओल आभाळातून आली, दोघांनी मिळून बोट केलं. मी यजमानांकडे बघितलं. ते वर्तमानपत्रात होते.

उरलेलं काम सुबक, पण त्यात पहिल्यासारखी धार नव्हती, होणारही नव्हती. एक गोष्ट तेवढी सांगते. मला वाटलं होतं तो स्पिरिटसारखं काही लावून पुसेल. त्याने बोर्ड चक्क पाण्याने धुतला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, आणि मऊ दातघासणी. अल्कोहोल नंतर. कारण विचारलं तर म्हणाला, खार पाण्यात विरघळतो. अल्कोहोल नुसतं त्याला इकडून तिकडे ढकलतं, मग ते पाण्याला हाकलून सुकायचं काम करतं. क्रम उलटा केला तर दिसायला स्वच्छ, आतून तसाच. कितीतरी संपादित पुस्तकं मला त्या क्षणी आठवली.

जुना स्विच सोल्डर वितळवून काढला, चार पायांचा, तुरीच्या डाळीपेक्षा थोडा मोठा. नवा बसवला. हिरवं खरवडलं, तिथला तांब्याचा माग झिजला होता, त्यावर केसाएवढ्या तारेचा पूल टाकला. बोर्ड टेबललॅम्पखाली अर्धा तास वाळवला. मग ओल पुन्हा चढू नये म्हणून लॅकरचा हात. इथे मात्र मी गुण कापेन. लॅकर त्याने फार जाड लावलं, कनेक्टरच्या कडेला ओघळ आले, लग्नातल्या घाईच्या मेंदीसारखे. मी तसं म्हटलंही. “कोण बघतंय बाई आत,” तो म्हणाला. मी बघत होते.

जोडण्याआधी त्याने सळया पुन्हा तिसऱ्या बटणाच्या पायांना लावल्या. लॅकरमधून टोकं नीट टेकेनात, त्याने नखाने थोडं खरवडलं. मीटरवर एकटा १. त्याने बोर्ड माझ्यासमोर धरला.

“आता तुम्ही करा.”

मी पुढे वाकले, तोंड उघडलं आणि पोटातून ‘हाऽऽ’ केलं. १ जागचा हलला नाही. माझा चष्मा तेवढा धुरकटला.